खान्देशातल्या बायका फुटबॉल बघायच्या तेव्हा लोक काय म्हणायचे?

तापीकाठची (धागाकर्ती)

५ जुलै २०२५ ला आपल्या मुलींनी चियांग माईत थायलंडला २-१ हरवलं आणि आशियाई चषकाचं तिकीट काढलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. मी बातमी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. एका मामेसासऱ्यांचा लगेच प्रतिसाद: "वा! बायकांना आता फुटबॉल समजायला लागला."

म्हणजे आधी समजत नव्हता. ग्रुपवर वाद घातला असता तर दिवाळीपर्यंत पुरला असता, म्हणून इथे धागा काढतेय.

मी भुसावळची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. १९८६ चा वर्ल्ड कप मेक्सिकोत होता. तिथे भर दुपारी बाराला सामना सुरू व्हायचा तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. मॅराडोनाची इंग्लंडविरुद्धची मॅच त्याच वेळेला, फायनलही त्याच वेळेला. आमच्या लाइनीत टीव्ही मोजक्याच घरांत. मुलगे उशी-चादर घेऊन त्या घरी जायचे, मुली जायच्या नाहीत. कोणी दटावलं, दार लावून घेतलं, असं काही नाही हं. "एवढ्या रात्री कुठे गं?" इतकं विचारलं की पाय आपोआप मागे यायचे. मग दुसऱ्या दिवशी भाऊ आणि त्याचे मित्र मॅराडोनाचा तो हाताने केलेला गोल अंगणात करून दाखवायचे, आणि आम्ही तो बघायचा.

१९९० ला आमच्या घरी टीव्ही होता आणि इटलीच्या वेळा बऱ्या होत्या. कॅमेरूनने पहिल्याच सामन्यात अर्जेंटिनाला १-० पाडलं तो सामना रात्री साडेनऊला सुरू झाला, म्हणजे जेवणं उरकून, ओटा पुसून बसता आलं. आईला तो रॉजर मिला फार आवडला. ३८ वर्षांचा माणूस, बदली म्हणून येतो आणि गोल करून कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी नाचतो. कॅमेरून-कोलंबिया सामना एक्स्ट्रा टाइममध्ये गेला. आमच्याकडे नानांचे (वडिलांचे) ऑफिसातले सगळे जमलेले. एक्स्ट्रा टाइमच्या मधल्या विश्रांतीत हाक आली, "वहिनी, चहा होऊन जाऊ द्या." ती विश्रांती ती केवढी! १०६ व्या मिनिटाला मिलाचा पहिला गोल, पाठोपाठ कोलंबियाचा गोलकीपर हिगिटा याच्या पायातून चेंडू काढून दुसरा. आई तेव्हा स्टोव्हला पंप मारत होती. चहा घेऊन आली तर सगळे उभे राहून ओरडताहेत. "काय झालं?" तर एक काका म्हणाले, "वहिनी, तुम्हाला सांगून समजायचं नाही."

कॉलेजात तर परीक्षाच. मुलीने फुटबॉलचं नाव काढलं की समोरचा म्हणणार, "बरं, ऑफसाइड काय असतं सांग." एकाला मी सांगितलं: चेंडू पुढे खेळला जातो त्या क्षणी शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे असशील तर ऑफसाइड, त्याच्या रेषेत असशील तर नाही. तो जोरात हसला. रेषेत असला तरी ऑफसाइडच म्हणे, चारचौघांत मला नापास केलं. नियम १९९० मध्येच बदलला होता. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या वाचनालयात येणाऱ्या इंग्रजी क्रीडा साप्ताहिकात मी तो वाचलेला होता. त्याला पत्ताच नव्हता.

तुमच्याकडे काय होतं? जळगाव, धुळे, नंदुरबार, चाळीसगाव, शिरपूर, सगळीकडच्या आठवणी येऊ द्या. आईच्या, आजीच्यासुद्धा.

अमळनेरकर

वाचतोय. चहाचा किस्सा जबरी. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

लोकोशेड

भुसावळचं नाव आलं म्हणून लिहितो. मी लोकोतून निवृत्त, साठच्या दशकाच्या शेवटापासून रेल्वेच्या मैदानावरचे सामने पाहिलेले आहेत. तेव्हा गावात अँग्लो-इंडियन कुटुंबं पुष्कळ होती. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन बरेचसे तेच. त्यांच्या घरातल्या बायका-मुली सामन्याला सरळ यायच्या, फ्रॉक घालून, छत्री घेऊन, आणि आपल्या माणसाचं नाव घेऊन ओरडायच्या. रेफ्रीला शिव्यासुद्धा द्यायच्या, त्याही अस्सल इंग्रजीत.

आपल्या लोकांची अडचण तिथेच झाली. 'मडमा बसतात ती जागा' असा त्या बाजूवर शिक्का बसला. आपल्या घरातली बाई तिथे उभी राहिली तर दुसऱ्या दिवशी शेडमध्ये त्या माणसाची टर उडायची, "काय रे, भाभीला मडम केलंस का?" त्यामुळे क्लार्क, फिटर, खलाशी यांच्या घरच्या बायका मैदानाच्या मेंदीच्या कुंपणाबाहेर उभ्या राहायच्या. हातात भाजीची पिशवी असायचीच. पिशवी असली की बाजारातून येता येता थांबलोय असं म्हणता येतं. पाऊण पाऊण तास थांबलेल्या असायच्या, आणि पिशवीत काही नसायचं.

तिसरा वर्ग साहेबांच्या बायकांचा. त्यांना तंबूखाली खुर्च्या, सरबत. ट्रॉफी त्यांच्याच हस्ते. त्यातल्या निम्म्या विणकाम घेऊन बसायच्या आणि गोल झाला की वर बघायच्या. पण 'महिला प्रेक्षकांचीही लक्षणीय उपस्थिती' असं बातमीत यायचं ते त्यांच्याबद्दल.

धुळेरी_मिरची

लोकोशेड काका, रिकाम्या पिशवीसाठी साष्टांग नमस्कार 🙏

केळीवाला

मी रावेरचा. राग मानू नका, पण मले एक सांगा, तेव्हा खान्देशात पुरुष तरी कुठे फुटबॉल बघत होते? आमच्या गावात कुस्ती, कबड्डी, नंतर क्रिकेट. फुटबॉल म्हणजे भुसावळचे रेल्वेवाले आणि मिशनच्या शाळा. जो खेळ गावात नव्हताच, तो बायकांना बघू दिला नाही म्हणून गळा काढायचा, हे काही पटलं नाही भो. कापूस वेचायच्या दिवसात माझ्या आजीला तुम्ही मॅराडोना विचारला असता तर तिने विळाच दाखवला असता.

तापीकाठची

केळीवाला, निम्मं मान्य. खेळ थोड्याच ठिकाणी होता. पण जिथे होता तिथे कोण कुठे बसायचं ते ठरलेलं होतं, मी त्याबद्दल विचारतेय. आणि तुमच्या गावच्या कुस्तीच्या फडात बायका कुठे बसायच्या, तेही सांगा.

केळीवाला

फडात बायका? काहीतरीच. माडीवरून बघत असतील.

धुळेरी_मिरची

"बघत असतील" 😄 म्हणजे बघत होत्याच ना!

इतिहासाचा_कीडा

हा प्रकार जिथे फुटबॉल जन्मला तिथेही असाच झाला, म्हणून थोडं लांबण लावतो.

१८८५ मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंड या इंग्लिश क्लबने एका सामन्याला बायकांना फुकट प्रवेश दिला. त्यांना वाटलं पाच-पन्नास येतील, चार लोक जरा सभ्य वागतील. आल्या दोन हजारांच्या आसपास. पुढे काही वर्षांत क्लबांनी ही फुकट प्रवेशाची पद्धत गुंडाळली, कारण एवढ्या बायका फुकट आत सोडणं परवडेना. म्हणजे 'बायकांना यात रस नसतो' हे वाक्य निदान एकशे चाळीस वर्षांपूर्वीच खोटं पडलेलं आहे.

पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, बायका दारूगोळ्याच्या कारखान्यांत आल्या आणि जेवणाच्या सुट्टीत चेंडू खेळू लागल्या. प्रेस्टनच्याच डिक, केर कारखान्यातल्या मुलींचा संघ सर्वांत गाजला. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलमधल्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला ५३,००० माणसं आत होती, आणि हजारो बाहेर राहिली. उत्पन्न जखमी सैनिकांसाठी वगैरे जायचं. वर्षही झालं नाही तोच, ५ डिसेंबर १९२१ ला तिथल्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ बायकांना मुळीच योग्य नाही, आणि संलग्न क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. हे जवळजवळ पन्नास वर्षं चाललं. ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत कायद्यानेच बंदी. पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७०.

हे खेळणाऱ्या बायकांबद्दल झालं, मान्य. पण बघणारीवर त्याचा परिणाम होतोच. मैदानात एकही बाई दिसत नाही म्हटल्यावर कठड्याला टेकलेली बाई पाहुणीच ठरते.

पांझराकाठ

माहितीपूर्ण. वाचनखूण साठवली.

तापीकाठची

हे वाचून एक गोष्ट डोक्यात आली. इंग्लंडात निदान ठराव तरी होता. तारीख आहे, कागद आहे, त्यामुळे तो उठवला तेव्हा उठला हे कळलं. आमच्या भुसावळच्या मैदानावर 'महिलांना मनाई' अशी पाटी कधीच नव्हती. त्यामुळे ती उतरवायची कोणी? आजही कोणालाही विचारा, "आमच्याकडे कध्धी कोणी अडवलं नाही हो" असंच उत्तर येईल, आणि ते खोटंही नाही.

धुळेरी_मिरची

आता माझी आठवण, आणि ती थोडी उलटी आहे.

२००२ चा वर्ल्ड कप आठवतोय का? जपान-कोरियात होता. आपल्याकडे सामने दुपारी बारा, अडीच आणि पाचला! म्हणजे घरातले सगळे पुरुष दुकानात, ऑफिसात, शेतात. टीव्हीचा रिमोट कोणाकडे? आमच्याकडे. धुळ्यात आमच्या गल्लीत पहिल्यांदाच असं झालं की वर्ल्ड कप बायकांनी पाहिला आणि पुरुषांनी संध्याकाळी येऊन आम्हाला विचारला.

मी नवी सून होते. मे संपत आलेला, उरलीसुरली वाळवणं चाललेली. ३१ मे ला पाच वाजता सेनेगल-फ्रान्स सुरू झालं, आम्ही खाटेवरच्या बिबड्या गोळा करून आत आलो आणि बसलो. सेनेगलने जगज्जेत्यांना १-० हरवलं! सासूबाईंना फुटबॉल काय ते माहीत नव्हतं, पण फ्रान्सवाले गेल्या खेपेचे विजेते म्हटल्यावर त्यांनी लगेच बाजू ठरवली. त्या दिवसापासून घर सेनेगलचं. उपांत्यपूर्व फेरीत तुर्कस्तानने त्यांना हरवलं तेव्हा त्या रात्री आमच्याकडे नुसती खिचडी झाली. सासऱ्यांना कारण कळेना.

इंग्लंड-ब्राझीलचा सामना दुपारी बाराला. रोनाल्डिन्होची ती लांबून मारलेली फ्री किक इंग्लंडचा गोलकीपर सीमन याच्या डोक्यावरून आत गेली. जाऊबाई म्हणाल्या, मुद्दाम मारली. मी म्हटलं, चुकून गेली. आमचा वाद नणंदेच्या सासरपर्यंत गेला, फोनवरून.

आणि फायनल! रविवार होता, ३० जून, दुपारी साडेचार. पुरुष घरी. झालं, दिवाणखाना गेला. आम्ही मागे, दाराच्या चौकटीत. जर्मनीचा गोलकीपर ऑलिव्हर कान याच्या हातून रिवाल्डोचा फटका निसटला आणि रोनाल्डोने गोल केला. सगळे कानला नावं ठेवायला लागले. सासूबाई चौकटीतून म्हणाल्या, "एक डाव चुकना बिचारा, ते आते समदा त्यालेच बोलतस. आतेपावत कोन वाचाडी ऱ्हायंता?" खोलीत सगळे गप्प, मग एकदम हशा. "माय, तुले काय समजस त्यामा?" पण बरोबर कोण होतं? स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्या कानलाच गोल्डन बॉल मिळाला. महिनाभर दुपारी रोज बघणाऱ्या बाईला ते दिसलं होतं. एकच सामना बघणाऱ्यांना एकच चूक दिसली.

अमळनेरकर

सासूबाई 🔥 क्रीडा स्तंभ द्यायला हवा होता त्यांना.

तापीकाठची

मिरचीताई, ही वेळेची गोष्ट माझ्या कधी ध्यानातच आली नव्हती. खरंच की! ८६ ला रात्री साडेअकरा म्हणून आम्ही बाहेर, २००२ ला दुपारी बारा म्हणून तुम्ही आत. आवड तीच, घड्याळ बदललं.

करवीरवासी

खान्देशाच्या धाग्यावर कोल्हापूरकर घुसतोय, माफी असावी. आमच्याकडे फुटबॉल पेठापेठांत. पाटाकडील, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी, दिलबहार असे संघ, आणि कोणाच्या घरात कोणती तालीम हे लग्नाआधी विचारून घ्यावं अशी परिस्थिती. माझी आई शाहू स्टेडियमवर माझ्या लहानपणी कधी गेली नाही, पण गच्चीवर उभी राहून आरडाओरड्यावरून स्कोअर सांगायची. आपला गोल आणि त्यांचा गोल यांचा आवाज वेगळा असतो म्हणे. सहसा चुकायची नाही.

केळीवाला

चला, मी पुन्हा वाईटपणा घेतो. २००२ चंच बोलताय तर खरं सांगा, बायका बेकहॅमसाठी बघत होत्या की नाही? आमच्या वहिनीसाहेब इंग्लंड हरल्यावर परत टीव्हीसमोर आल्याच नाहीत. दिसायला बरा खेळाडू असला की बायकांना खेळ आवडतो, हे आमचं निरीक्षण. यात राग येण्यासारखं काय आहे?

नंदुरबारची_पोर

बघत असतील की बेकहॅमसाठी. मग? २००२ नंतर शहाद्यात माझ्या काकाने रोनाल्डोसारखी कपाळावर चंद्रकोर ठेवून बाकी डोकं भादरलं होतं, फोटो आहे घरात. आजोबा त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. त्याला कोणी विचारलं नाही, "तू खेळ बघतोस की केस?" मुलगा पोस्टर लावतो तेव्हा तो भक्त, मुलगी लावते तेव्हा ती भाळलेली.

आणि ती ऑफसाइडची परीक्षा अजून चालू आहे, तापीकाठची ताई. मी नंदुरबारात मुलींच्या संघात खेळायचे, आता पुण्यात शिकते. सामना बघायला कुठे गेलं की अनोळखी मुलगा येऊन विचारतो, "२०१० च्या स्पेन संघातली अकरा नावं सांग." त्याच्या मित्राला नाही विचारत. २०११ मध्ये तर इंग्लंडात मोठ्या वाहिनीचे दोन नामवंत समालोचक, रिचर्ड कीज आणि अँडी ग्रे, माइक बंद आहे असं समजून सियान मॅसी या सहायक पंचाबद्दल बोलत होते: बाईला ऑफसाइड कुठे कळतं, कोणीतरी जाऊन समजवा. वुल्व्ह्ज-लिव्हरपूल सामना होता. त्यात लिव्हरपूलच्या एका गोलाआधी तिने झेंडा वर केला नाही, आणि रिप्लेत दिसलं की तिचाच निर्णय अचूक होता. ग्रेला काढलं, कीजने राजीनामा दिला. तुमच्या कॉलेजातल्या परीक्षकाला निदान नोकरी तरी गमवावी लागली नाही.

केळीवाला

काकाचा फोटो टाका, मग बोलू 😂

पांझराकाठ

सगळे मनोवृत्तीबद्दल बोलताहेत, मी जरा खालच्या पातळीवर येते. संडास.

धुळ्याच्या गरुड मैदानावर, जळगावच्या सागर पार्कवर, तालुक्याच्या कुठल्याही मैदानावर लहानपणी गेलेली बाई आठवून बघा. पुरुषाला भिंत पुरते. बाईने अडीच तास उन्हात बसायचं तर पाणी प्यायचं नाही, हे आधीच ठरवून जायचं. माझ्या मोठ्या बहिणीला फुटबॉल वेड्यासारखा आवडायचा, शाळेच्या स्पर्धांना जायची. वयात आल्यावर तिने एकदम बंद केलं. सगळे म्हणाले, पोर शहाणी झाली, खूळ गेलं. खूळ कसलं जातंय! महिन्यातले चार दिवस मैदानावर काढायला जागा नव्हती. तिने हे वडिलांना सांगणं शक्य नव्हतं, आणि विचारायचं कोणाला सुचलं नाही.

आमच्याकडच्या क्रीडा संकुलांत आता आहेत म्हणे संडास. असतील.

लोकोशेड

पांझराकाठ म्हणतात ते खरं आहे. रेल्वेच्या मैदानावर साहेबांच्या तंबूमागे वेगळी सोय होती, ती फक्त तंबूवाल्यांना. अँग्लो-इंडियन बायकांचे बंगले मैदानाला लागूनच, त्या मध्यंतरात घरी जाऊन येत. हे आज कळतंय मला, की त्या पूर्ण सामना का बसू शकायच्या.

जळगावचा_भरीतवाला

एक मुद्दा. बायका मैदानावर यायला लागल्या ते खुर्च्या, छप्पर, सुरक्षा आल्यावरच. इंग्लंडातही तसंच झालं, आधी दंगेखोरांचं राज्य होतं, तिथे बायका जातीलच कशाला? म्हणजे हा मनोवृत्तीचा प्रश्न नाही, सोयीचा आहे.

इतिहासाचा_कीडा

भरीतवाला, अर्धं बरोबर. पण 'तेव्हा बायका नव्हत्याच' हे नाही. १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर उभ्याने बघायच्या सज्जात चेंगराचेंगरी झाली, त्यात अखेर ९७ लिव्हरपूल समर्थक गेले. खुर्च्या त्यानंतर आल्या, त्या दुर्घटनेच्या चौकशी अहवालामुळे. मृतांत दोन सख्ख्या बहिणी होत्या, एकोणीस आणि पंधरा वर्षांच्या. आईवडिलांबरोबर सामन्याला आलेल्या. खुर्च्या यायच्या आधीही त्या त्याच गर्दीत उभ्या होत्या. हिशेबात धरल्या नव्हत्या, इतकंच.

हिशेबावरून तुर्कस्तान आठवलं. २०११ मध्ये फेनरबाचे क्लबच्या प्रेक्षकांनी धुडगूस घातला म्हणून सामने रिकाम्या मैदानात खेळवायची शिक्षा झाली. मग महासंघाने शिक्षेत सवलत काढली: पुरुष नकोत, बायका आणि बारा वर्षांखालची मुलं चालतील, तीही फुकट. २० सप्टेंबरला इस्तंबूलमध्ये मनिसास्पोरविरुद्धच्या सामन्याला ४१,००० हून जास्त बायका-मुलं आली आणि सगळी गाणी पाठ असल्यासारखी म्हणाली. सामना १-१ सुटला. बातमी जगभर कौतुकाने छापली गेली. पण शिक्षा होती रिकाम्या मैदानाची! त्यात बायका भरल्या तरी शिक्षा भोगल्याचंच धरलं गेलं, हे मला फार विचित्र वाटतं.

तापीकाठची

बापरे. ही बाजू कधी लक्षात आली नव्हती.

इराणचं इथे कोणीच काढलं नाही. तिथे क्रांतीनंतर बायकांना पुरुषांच्या सामन्यांना जवळजवळ चाळीस वर्षं मनाई होती. मुली दाढी-मिशा चिकटवून आत शिरायच्या. सहर खोदायारी ही एस्तेघलाल क्लबची चाहती, पुरुषी वेशात मैदानात जाताना पकडली गेली, खटला भरला गेला, आणि तुरुंगवासाच्या भीतीने तिने कोर्टाबाहेर पेटवून घेतलं. सप्टेंबर २०१९ मध्ये ती गेली. पुढच्याच महिन्यात, १० ऑक्टोबरला, तेहरानच्या आझादी मैदानावर कंबोडियाविरुद्धच्या सामन्याला बायकांसाठी साडेतीन हजारांच्या आसपास तिकिटं खुली केली. इराणने १४-० जिंकला तो सामना. सौदीत त्याआधी, जानेवारी २०१८ मध्ये जेद्दाला दार उघडलं होतं.

आमच्या भाजीच्या पिशव्यांची त्याच्याशी तुलना करत नाहीये. तिथे जीव जातो, इथे जीव गेला नाही. फक्त पिशवी रिकामी असूनही धरावी लागली.

केळीवाला

हे इराणचं खरंच माहीत नव्हतं. वाईट वाटलं.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. खान्देशात फुटबॉलची मैदानं कमी, हे खरं दुखणं. २०१७ ला सरकारने १५ सप्टेंबरला शाळाशाळांत चेंडू वाटून लाखो पोरं खेळवली. आमच्या शाळेतले चेंडू नंतर कपाटात गेले. पोरांना मिळाले नाहीत तर पोरींना काय मिळणार?

नंदुरबारची_पोर

आमच्या शाळेत कपाटातून काढणाऱ्या आम्हीच होतो, मुली. मुलांचं क्रिकेट चाललेलं असायचं, चेंडू तसेच पडून होते म्हणून आम्हाला मिळाले. सरांनी सुरुवातीला 'अभ्यासाचं बघा' म्हटलं, मग शिटी घेऊन स्वतःच यायला लागले.

आणि हे 'आता' प्रकरण किती जुनं आहे ते बघा. शांती मल्लिकला फुटबॉलसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला १९८३ मध्ये. त्याआधी कोझिकोडच्या आशियाई स्पर्धेत आपला मुलींचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. मामेसासऱ्यांना पाठवा.

तापीकाठची

पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या आहेत, उत्तर नाही.

जळगावचा_भरीतवाला

धागा वरच राहू दे. २०२६ चा वर्ल्ड कप पुन्हा मेक्सिको, अमेरिका, कॅनडात. पहिला सामना ११ जूनला मेक्सिको सिटीच्या अॅझ्टेका मैदानावर, मेक्सिको-दक्षिण आफ्रिका. म्हणजे आपल्याकडे गुरुवारची रात्र, साडेबारा. पुन्हा तुमचं ८६ चं घड्याळ.

धुळेरी_मिरची

साडेबारा?? फायनलही?

जळगावचा_भरीतवाला

फायनलसुद्धा. १९ जुलैचा रविवार संपून साडेबारा.

केळीवाला

रावेरला आमच्या केळीच्या गोडाउनमध्ये मोठा पडदा लावायचा विचार चाललाय, फायनलला. भरीत आणि कळण्याची भाकरी आमच्याकडून. ज्यांना यायचं त्यांनी या. बायकांनीही या, इथे एवढं ऐकून घेतल्यावर नाही कसं म्हणू.

पांझराकाठ

गोडाउनला संडास आहे का?

केळीवाला

मागच्या बाजूला आहे एक. कुलूप असतं, किल्ली वॉचमनकडे. रात्री तो नसतो.

पांझराकाठ

मग किल्ली आधीच काढून ठेवा, आणि बाहेर बल्ब लावा. धुळ्याहून आम्ही पाच-सहा जणी गाडी करून येतो. चहा तुमच्याकडच्या पुरुषांनी करायचा, आणि विश्रांतीत नाही, आधी.

केळीवाला

बल्ब उद्याच लावतो. चहाचं घरात विचारून सांगतो.